आईचा वासोटा

आईने तेहतीस वर्षं सातारच्या शाळेत इतिहास शिकवला. १८१८ सालाशी आली की ती वासोट्याच्या किल्ल्यासाठी एक जादा तास घ्यायची. खडूने फळ्यावर कोयनेचं खोरं काढायची, जुना वासोटा, नवा वासोटा, मधली दरी. वासोटा लढवणाऱ्या ताई तेलिणीवरचं ते सोटा-कासोट्याचं जुनं कवन पोरांकडून म्हणवून घ्यायची. आणि वासोटा तिने स्वतः एकदाही पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर चार वर्षांनी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "मला वासोट्याला जायचंय. जमेल का गं?"

तेव्हा तिचं वय ६३, वजन जरा जास्तच, आणि डावा गुडघा दोन वर्षं कुरकुरत होता. आता गल्लीतल्या, नात्यातल्या बायका विचारतात, "आईला कसं काय नेलंस?" एका वाक्यात सांगता येत नाही, कारण त्याला आठ महिने लागले. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आधी वासोटा म्हणजे काय ते सांगते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून बामणोलीला उतरायचं, पस्तीस-चाळीस किलोमीटर. तिथे रस्ता संपतो आणि कोयना धरणाचा शिवसागर जलाशय सुरू होतो. लाँचने तास-दीड तास पाण्यातून गेलं की पलीकडच्या काठावर कोयना अभयारण्य, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथून दाट जंगलातून गड चढायचा आणि त्याच दिवशी परतायचं. मुक्कामाला परवानगी नाही. वाटेत टपरी नाही, डोली नाही, अर्ध्यातून खाली आणणारं वाहन नाही. सज्जनगडावर दम लागला तर पायरीवर बसता येतं, कुणीतरी पाणी देतं, घाई कसलीच नसते. वासोट्यावर घड्याळ बांधलेलं असतं. म्हणून मी आईला "जमेल" असं म्हटलं नाही. "आधी गुडघा दाखवू" एवढंच म्हटलं.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून डोंगराचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. आई दोन दिवस गप्प होती. मग आम्ही फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी आईला खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायला लावलं. आई चौथ्या वेळी थांबली. त्या म्हणाल्या, "गुडघ्याची झीज आहे, पण बेताची. खरी अडचण मांडीची आहे. मांडीत ताकद नाही, म्हणून सगळा भार सांध्यावर येतो." त्यांनी तीन व्यायाम दिले. उताणं झोपून पाय ताठ उचलायचा आणि दहा आकडे धरून ठेवायचा. खुर्चीवरून हात न लावता उठबस. आणि घराच्या एकाच पायरीवर चढ-उतर, उतरताना अगदी सावकाश. सहा आठवडे रोज दोन वेळा. डोंगराचा विषय त्यानंतर.

आईने शंभर पानी वही घातली. तारीख, व्यायाम, किती वेळा, दुखलं का. शिक्षिकेचं अक्षर, समास सोडून. त्या वहीचं मला फार मोल वाटतं, कारण पुढे जेव्हा जेव्हा तिला वाटलं की काहीच फरक पडत नाही, तेव्हा मी मागचं पान उघडून दाखवलं.

जूनच्या शेवटी आम्ही अजिंक्यताऱ्याला सुरुवात केली. सातारकरांना किल्ला म्हणजे उशाशी असलेला डोंगर. यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या गच्चीवरून तो एवढा जवळ दिसतो की त्याच्याकडे बघायचंच राहून जातं. डांबरी रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो, पहाटे साडेपाचपासून माणसांची रीघ असते. गुडघ्याच्या माणसाला हा रस्ता उत्तम, कारण चढ एकसारखा आहे आणि पाय कुठे टाकायचा याचा विचार करावा लागत नाही. पहिल्या दिवशी आई दुसऱ्या वळणावरून परतली. आठव्या दिवशी दरवाजापर्यंत पोचली. वहीतली नोंद: "१ तास १० मि. नऊ वेळा थांबले."

वर गेल्यावर मात्र ती वर्गात असल्यासारखी बोलायला लागली. मंगळाईच्या देवळाकडे नेऊन तिने मला १७०० सालचा वेढा सांगितला. औरंगजेबाने सुरुंग लावले, तट ढासळला, आणि त्याखाली मोगलांचीच माणसं गाडली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. हे मी शाळेत तिच्याच तोंडून ऐकलं होतं, पण त्या बुरुजापाशी उभं राहून ऐकताना ते वेगळंच लागलं. समोर सगळं मांडून ठेवलेलं होतं. पश्चिमेला यवतेश्वर, दुसऱ्या अंगाला सज्जनगड, पूर्वेकडे जरंडेश्वराचा डोंगर, उत्तरेला दूरवर चंदन-वंदनची जोडी, आणि खाली माहुलीकडे वेण्णा कृष्णेला भेटते ती हिरवी रेघ. मी तिथेच ठरवलं की वासोट्याच्या पायऱ्या याच आहेत. एकेक डोंगर करत जायचं.

जुलैभर पावसात अजिंक्यतारा सुरू राहिला. छत्री नको, रेनकोट बरा, कारण हात मोकळे लागतात. एका रविवारी ठोसेघरला धबधबा बघायला गेलो, पण तो नुसता आनंदाचा दिवस होता. शेवाळलेल्या दगडांवर मी तिला पाय ठेवू दिला नाही.

चूक ऑगस्टमध्ये झाली, आणि ती माझी होती. वहीत वेळ ४८ मिनिटांवर आली होती, थांबे दोन. मला वाटलं, आता पाय तयार झाले. श्रावणी शनिवारी आम्ही जरंडेश्वरला गेलो. मारुतीचं स्थान, शनिवारी भाविकांची गर्दी. द्रोणागिरीचा तुकडा इथे पडला म्हणून डोंगरावर औषधी वनस्पती, अशी श्रद्धा. आई चढली छान. घाम पुसत, "बघ, जमलं" म्हणाली. पण उतरताना दगडी पायऱ्या उंच, ओल्या, आणि मागून लोकांची घाई. कुणाला वाट अडवायला नको म्हणून ती भराभर उतरली. प्रत्येक पायरीवर डावा पाय आदळत होता, ते मला मागून दिसत होतं आणि मी बोलले नाही. रात्री गुडघ्यावर लिंबाएवढी सूज आली. वहीत त्या दिवशी फक्त एक शब्द आहे: "सूज."

दहा दिवस बर्फाचा शेक आणि विश्रांती. फिजिओथेरपिस्ट बाई रागावल्या नाहीत, पण जे बोलल्या ते मी आता प्रत्येकाला सांगते: "चढणं हे दमाचं काम, उतरणं हे गुडघ्याचं. तुम्ही फक्त चढायची तयारी केलीत." अजिंक्यताऱ्यावर आम्ही रोज चढायची वेळ मोजत होतो, उतरायची कधीच नाही. उतार म्हणजे गप्पा मारत घरी यायचं, एवढंच आमच्या लेखी होतं. त्यानंतर वहीत दोन रकाने झाले.

उतरायला नव्याने शिकलो. पाऊल छोटं. गुडघा ताठ करून टाच आपटायची नाही, किंचित वाकवून पूर्ण पाऊल टेकवायचं. सरळ खाली न जाता वाटेच्या रुंदीत नागमोडी जायचं. पायरी उंच असेल तर आधी दोन्ही काठ्या खाली टेकवायच्या, भार हातावर घ्यायचा, मग दुखरा पाय आधी उतरवायचा. चढताना उलट, धडका पाय आधी. काठ्या दोन हव्यातच, एकीने अंग एका बाजूला कलतं. उतारावर काठी चार बोटं लांब करायची. आणि मागून कुणी आलं तर बाजूला उभं राहून त्यांना आधी जाऊ द्यायचं. ही शेवटची गोष्ट आईला सगळ्यांत अवघड गेली. आयुष्यभर घंटेवर चाललेल्या बाईला लोकांना पुढे जाऊ देणं म्हणजे मागे पडणं वाटत होतं. "अगं, सगळे थांबतात ना माझ्यासाठी," ती म्हणायची. थांबू देत की.

सप्टेंबरात कास. तोवर सूज उतरली होती, पण मला तिला चढावर न्यायचं धैर्य नव्हतं, म्हणून सपाटीवर चालायला नेलं. ऑनलाइन नोंदणी करून, मुद्दाम आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसं बघावी लागतात. जांभ्याचा उघडा सडा, त्यावर वीतभरही माती नाही, आणि त्यात तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद, कवल्याची पिवळी फुलं. सीतेची आसवं हे नाव किती नाजूक, आणि ती वनस्पती मात्र कीटकभक्षी. जांभ्यात नायट्रोजन नसतोच म्हणावा इतका कमी, तो ती पाण्यातल्या बारीक जिवांतून मिळवते. आई गुडघ्यावर बसू शकत नव्हती, म्हणून मी बसून फुलं जवळून बघत होते आणि तिला वर्णन करून सांगत होते. चाळीस वर्षांनी आमच्या जागा बदलल्या होत्या.

पठाराच्या कडेला तिने मला एक गोष्ट दाखवली. इथे पडलेला पाऊस एका अंगाला उरमोडीत जातो, दुसऱ्या अंगाला कोयनेत. उरमोडीचं पाणी साताऱ्याच्या खालच्या अंगाला कृष्णेला मिळतं. कोयना लांबचा वळसा घालून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. पण धरणाचं बरंच पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीकडे जातं, वीज करतं आणि कोकणात उतरून पश्चिम समुद्राला मिळतं. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागराला, एक अरबी समुद्राला. ती म्हणाली, "हे मी फळ्यावर काढायचे. इथे उभं राहून किती सोपं आहे."

ऑक्टोबरात सज्जनगड दोनदा आणि कल्याणगड एकदा. सज्जनगड पायऱ्यांच्या उतरणीसाठी. नवी पद्धत तिथे पक्की झाली, दुसऱ्या दिवशी सूज नाही. कल्याणगडावर वाट दगडमातीची, वासोट्याच्या जवळ जाणारी. तिथल्या गुहेत गार पाण्यातून काळोखात चालत पार्श्वनाथ आणि दत्ताच्या मूर्तींपर्यंत जावं लागतं. आई कठड्याला धरून, पदर खोचून, माझ्यापुढे गेली.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही बामणोलीला गेलो आणि हात हलवत परत आलो. तयारीच्या नादात मी साधी चौकशी केली नव्हती. पोचलो पावणेअकराला. सगळ्या लाँच सकाळीच गेलेल्या. लाँचचं भाडं माणशी नसतं, पूर्ण लाँचचं असतं, म्हणजे आम्हा दोघींना परवडण्यासारखं नव्हतं. आणि परवडलं असतं तरी आमच्या चालीने अंधाराआधी खाली येणं शक्य नव्हतं. तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, "ताई, आता सोडणार न्हाई तुम्हाला. आणि सोडलं तर आम्हीच जबाबदार." बरोबरच होतं त्याचं.

काठावर बसून दशम्या खाल्ल्या. एक वयस्क नावाडी शेजारी येऊन बसले. त्यांच्या आजोबांचं शेत या पाण्याखाली आहे. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध दिसत्यात. मावशी, तुम्ही मे महिन्यात या, दावतो." १०५ टीएमसीचं धरण हा आकडा आईने कितीदा लिहिला असेल. त्या दुपारी ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. जाताना त्यांनी कामाचं सगळं सांगितलं. साडेसातच्या आत या. आधार कार्डाची झेरॉक्स आणा. आधी फोन करा, कुठला गट असेल तर तुमची गाठ घालून देतो. प्लास्टिक शक्यतो आणूच नका, मोजून नोंदवतात, अनामत घेतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. त्यांचा फोन नंबर वहीत गेला.

जानेवारीत एका मंगळवारी निघालो. पहाटे सव्वापाचला घर सोडलं. यवतेश्वरच्या घाटात काच पुसत गाडी चालवावी लागली, कासला धुकं, बामणोलीत सव्वासातला बोटं वळत नव्हती. कऱ्हाडच्या कॉलेजची सहा मुलं गटाला मिळाली. मी त्यांना आधीच सांगितलं की आम्ही हळू आहोत, तुम्ही पुढे जा, उतरताना ठरल्या वेळेला काठावर भेटू. त्यांच्यातला एक म्हणाला, "काकू, तुम्ही याल बघा आमच्या आधी." वनखात्याच्या चौकीत नावं, वय, सामान. आईच्या पिशवीत स्टीलच्या दोन बाटल्या, सुती फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, पितळी डब्यात शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे, लिंबू आणि मीठ. मोजायला काही निघालंच नाही. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की परतीच्या वाटेवरही तिने ते दोनदा बोलून दाखवलं.

लाँचवर ती पुढे बसली, शाल डोक्यावरून घेऊन. पाण्यावर वाफ, दोन्ही काठांना डोंगर उतरलेले, मनुष्यवस्ती विरळ होत गेली आणि मग संपली. पायथ्याला पूर्वी मेट इंदवली नावाचं गाव होतं. माणसं उठून गेली. आता झाडी आहे.

ओढ्यापासच्या मारुतीला नमस्कार करून नऊ वाजता चढायला लागलो. सुरुवातीला वाट सौम्य आहे आणि तिथेच माणूस फसतो. गार सावली, पायाखाली पालापाचोळा, वेग आपोआप वाढतो. आईने स्वतःच वेग धरून ठेवला. वीस मिनिटं चाल, तीन मिनिटं उभं राहून विश्रांती, बसायचं नाही, बसलं की सांधा आखडतो. हे गणित अजिंक्यताऱ्यावर बसलेलं होतं. झाडं एवढी दाट की ऊन नाण्यांएवढं पडतं. वर कुठेतरी खरखर झाली आणि शेकरू दिसलं, तांबूस, झुबकेदार शेपटीचं, या फांदीवरून त्या फांदीवर. आम्ही दोघी मान वर करून उभ्या. वाटाड्याने एके ठिकाणी ओरखडलेलं खोड दाखवलं, अस्वलाचं काम. त्यानंतर आम्ही आवाज आणखी कमी केला.

नागेश्वरच्या गुहेतल्या महादेवाला जाणारी वाट फुटते तिथे मुलं थांबली होती. ती नागेश्वरकडे जावं का विचार करत होती. आम्ही वासोट्याचीच वाट धरली. पुढचा चढ खरा. कारवीच्या जाळीतून वाट सरळ वर जाते, मुरूम निसटतो. इथे आई पहिल्यांदा घाबरली. डावा पाय थरथरत होता. मी म्हटलं, "परत जायचं असेल तर इथून जाऊ. इथवर आलो तेही खूप आहे." ती काही बोलली नाही. गुळाचा खडा तोंडात टाकला, लिंबू-पाणी घेतलं, वही काढली आणि वेळ लिहिली. मग म्हणाली, "उतरायला किती ताकद ठेवायची?" मी म्हटलं, "निम्मी." तिने डोळे मिटून जणू चाचपून बघितलं. "आहे," म्हणाली आणि काठी पुढे टाकली.

पडक्या पायऱ्या लागल्या, मोडका दरवाजा आला, आणि छप्पर नसलेला मारुती. अकरा वाजून पन्नास मिनिटं. आईने चपलाबूट काढले, मारुतीसमोर उभी राहिली आणि रडली. मीही.

मग शिक्षिका जागी झाली. वाड्याचे अवशेष, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ, सगळं तिला माहीत असलेल्या क्रमाने बघायचं होतं. बाबूकड्यावर मी तिचा हात घट्ट धरला. समोर अर्धवर्तुळाकार कातळ थेट खाली गेलेला, तळ दिसत नाही, आणि पलीकडे जुना वासोटा. ती बोटाने दाखवत होती. "तिथे. तिथे इंग्रजांनी तोफा चढवल्या. एप्रिल १८१८. इथे त्यांचे दोन अधिकारी कैदेत होते. मी पोरांना सांगायचे, जुना वासोटा उंच म्हणून तोफा तिथे. पण मला नेहमी वाटायचं, एवढ्या जवळून? आता कळतंय गं. केवढंसं अंतर आहे." फळ्यावर ती मधली दरी नेहमी फार रुंद काढायची, असं तिच्या लक्षात आलं. तेहतीस वर्षं पोरांना चुकीची दरी दाखवली, म्हणून तिला मनापासून वाईट वाटलं.

भाकरी खाऊन पाऊण वाजता उतरायला लागलो. त्या उतरणीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि हेच मला सांगायचंय. छोटी पावलं, दोन काठ्या, नागमोडी. मुलं मागून आली, आम्ही बाजूला झालो, ती पुढे गेली. आई म्हणाली, "जाऊ देत." एका ठिकाणी मुरमावर माझाच पाय घसरला आणि तिने मला सावरलं. साडेतीनच्या आधी काठावर पोचलो. लाँच चालू होईपर्यंत ती पाण्यात पाय सोडून बसली होती.

रात्री घरी तिने गुडघ्याला शेक घेत वही लिहिली. मी नंतर पाहिलं. "वासोटा. वर २ तास ५० मि. खाली २ तास ३५ मि. डावा गुडघा थोडा, सूज नाही. दरी रुंद नाही. नागेश्वर राहिला."